नगरसेवकाची जागा रिकामी झाली? आधी तारीख शोधा

महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात माझी सगळी नोकरी गेली. सभागृहाची कार्यपत्रिका, ठराव, इतिवृत्त, नगरसेवकांची हजेरी या सगळ्या फायली आमच्या टेबलावरून जायच्या. आता निवृत्त आहे, पण सोसायटीत आणि नात्यागोत्यात माझी ओळख अजून ‘महापालिकेतल्या ताई’ अशीच आहे. कुठल्या तरी प्रभागातले नगरसेवक वारतात, राजीनामा देतात किंवा अपात्र ठरतात आणि मला फोन येतो, “ताई, पोटनिवडणूक कधी?” मी उलट विचारते, “जागा रिकामी कधी झाली आणि कशामुळे?” फोन करणाऱ्याला ही टोलवाटोलवी वाटते. पण पुढचं सगळं या एका तारखेवर चालतं. ती हातात नसेल तर तुम्ही कितीही निवेदनं द्या, उत्तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच येईल.

पेपरात बातमी आली म्हणजे जागा रिकामी झाली असं नसतं, ती कागदावर रिकामी व्हावी लागते.

मृत्यूच्या बाबतीत प्रश्न सोपा असतो, तारीख मृत्यूच्या दाखल्यावरच असते. तरी एक गफलत होते. सर्वसाधारण सभा शोकप्रस्ताव मांडते, सदस्य दोन मिनिटं उभे राहतात, सभा तहकूब होते. लोकांना वाटतं, सभागृहाने नोंद घेतली म्हणजे आता चक्र फिरेल. शोकप्रस्ताव इतिवृत्तात जातो, निवडणूक आयोगाकडे जात नाही. आयोगाला जागा रिक्त झाल्याचं प्रशासनाने वेगळ्या पत्राने कळवायचं असतं. त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख, या दोन गोष्टी तुम्हाला हव्या आहेत.

राजीनाम्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. महापालिकेचा नगरसेवक राजीनामा देतो तो आयुक्तांकडे, लेखी. पक्षाध्यक्षांच्या हातात कॅमेऱ्यासमोर दिलेलं पाकीट, जिल्हाप्रमुखांकडे गोळा केलेली पत्रं, समाजमाध्यमावर टाकलेला मजकूर यांना कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही. नाराजी दाखवायला ते ठीक आहे. दुसऱ्या दिवशी समजूत निघते आणि साहेब पुन्हा सभागृहात येऊन बसतात. खरा राजीनामा कसा असतो ते बघायचं तर मानखुर्दचा १४१ क्रमांकाचा प्रभाग आठवा. काँग्रेसचे नगरसेवक विठ्ठल लोकरे यांनी पद सोडलं, २०१९ ची विधानसभा शिवसेनेकडून लढवली, ती हरले आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच प्रभागाच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे नगरसेवक म्हणून परत आले. ज्याच्या जाण्याने जागा रिकामी झाली त्यालाच ती भरता येते, याला कायद्याची आडकाठी नाही.

अपात्रतेची प्रकरणं किचकट. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं, स्वतः किंवा पती-पत्नीने अनधिकृत बांधकाम केलं, परवानगीशिवाय दीर्घकाळ सभांना दांडी मारली, अशी कारणं कायद्यात आहेत. पक्षांतर केलं तर १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा लागतो. त्याचा निर्णय महापालिकेच्या बाबतीत विभागीय आयुक्त देतात, नगरपालिकेच्या बाबतीत जिल्हाधिकारी. आणि आरक्षित जागेवर निवडून आलेल्याने मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवडच रद्द होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची ही मुदत बंधनकारक असल्याचं सांगितलं, तेव्हा कोल्हापूर महापालिकेत डझनभराहून जास्त नगरसेवकांची पदं एका झटक्यात धोक्यात आली. मग राज्य सरकारने कायदा बदलून त्या वेळी मुदत बारा महिने केली.

या सगळ्यात पाणी मुरतं ते एकाच ठिकाणी, न्यायालयाच्या स्थगितीत. अपात्रतेचा आदेश निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो आणि त्याच आठवड्यात उच्च न्यायालयातून स्थगिती येते, तिची बातमी आतल्या पानावर चार ओळींची. स्थगिती आहे तोवर पोटनिवडणूक नाही. प्रकरण रेंगाळलं तर मुदत संपेपर्यंत तो नगरसेवक कायम, असंही होतं. म्हणून तारीख विचारताना स्थगितीबद्दलही विचारायचं.

विचारायचं कसं

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्याकडच्या नियमात हे दोन्ही बंधन आहे आणि लोक नेमकं तिथेच घसरतात. चार पानी अर्जात रस्त्याचे खड्डेही घालतात, मग अर्ज परत येतो. विषय लिहा : ‘प्रभाग क्रमांक अमुक, जागा अमुक, रिक्त पदाबाबत’. खाली तीन मुद्दे पुरेत. जागा कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणाने रिक्त आहे? रिक्त पदाबाबत राज्य निवडणूक आयोगाला पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक, तारीख आणि प्रत द्यावी. या पदाबाबत कोणत्याही न्यायालयाचा स्थगिती आदेश आहे का, असल्यास प्रत द्यावी. ‘पोटनिवडणूक का घेत नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नसतो, त्याच्याकडे असलेला कागद द्यायला असतो. त्यासाठी त्याला तीस दिवस आहेत.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक खिडकीवर एक प्रत ठेवून घेतील, दुसरीवर शिक्का मारून परत देतील. इथे थांबून नीट बघा. नुसता कार्यालयाच्या नावाचा गोल शिक्का मारला असेल तर ती पोच कामाची नाही. आवक क्रमांक आणि तारीख लिहिलेला शिक्का हवा, क्रमांक हाताने भरलेला असतो आणि तो खिडकीतल्या नोंदवहीतल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. “साहेब जेवायला गेलेत, उद्या या” म्हणाले तर तिथल्या बाकावर बसून राहा. मी त्या खिडकीच्या आत बसलेली आहे, म्हणून सांगते. बसून राहणाऱ्याचं काम आधी होतं.

प्रशासनाने पत्र पाठवलंच नसेल तर पुढचं निवेदन आयुक्तांना, प्रत राज्य निवडणूक आयोगाला. पाठवलं असेल तर चेंडू आयोगाच्या अंगणात आहे आणि निवेदन थेट तिकडे जाईल. निवेदनाला सह्यांचा गठ्ठा जोडण्यापेक्षा त्या पत्राची प्रत जोडा. शंभर सह्यांपेक्षा एक जावक क्रमांक जड असतो.

किती दिवसांत?

याचं उत्तर कुणालाच आवडत नाही. लोकसभा-विधानसभेच्या रिक्त जागेला कायद्यात सहा महिन्यांची मर्यादा आहे. ती असूनही गिरीश बापट यांच्या निधनानंतर पुण्याची लोकसभेची जागा मार्च २०२३ पासून २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नगरसेवकाच्या जागेबद्दल महापालिका कायद्याची भाषा आणखी सैल आहे. सोयीस्कर होईल तितक्या लवकर, एवढंच. मुदत संपायला थोडेच महिने उरले असताना जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घेतच नाहीत.

काम वेळेत झालं तर कसं होतं, याचं पुण्यातलंच उदाहरण देते. उपमहापौर नवनाथ कांबळे यांचं मे २०१७ मध्ये निधन झालं. कोरेगाव पार्क-घोरपडी प्रभागातल्या त्यांच्या ‘२१ अ’ या जागेसाठी ११ ऑक्टोबर २०१७ ला मतदान झालं आणि त्यांची मुलगी हिमाली कांबळे निवडून आली. म्हणजे साधारण पाच महिने. सभागृह नवं होतं, मुदत भरपूर उरली होती, वाद नव्हता, म्हणून हे जमलं. याउलट मार्च २०२० मध्ये करोनामुळे निवडणुका पुढे गेल्या आणि त्या काळात रिकाम्या झालेल्या कितीतरी जागा सभागृहाची मुदत संपेपर्यंत तशाच राहिल्या. २०२२ मध्ये तर मुंबई, पुण्यासह बहुतेक महापालिकांची मुदतच संपली आणि प्रशासक बसले. सभागृहच नसेल तर पोटनिवडणूक कसली? १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं, तेव्हा कुठे पोटनिवडणुकीच्या गोष्टीला पुन्हा अर्थ आला.

एका जागेने काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्यांना मी भांडुप सांगते. २०१७ मध्ये मुंबईत शिवसेनेचे ८४ आणि भाजपचे ८२ नगरसेवक होते. प्रभाग ११६ च्या काँग्रेसच्या नगरसेविका प्रमिला पाटील वारल्या. पुण्याबरोबर त्याच ११ ऑक्टोबरला तिथे मतदान झालं आणि त्यांच्या सूनबाई जागृती पाटील भाजपकडून जिंकल्या. अंतर एकावर आलं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेचा रस्ता धरला. सातातले सहा म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त, म्हणजे पक्षांतराचा कायदा आडवा येत नाही, हा हिशेब कुणी तरी आधीच करून ठेवला असणार.

यादी : इथे घाई करू नका, पण उशीरही नको

पोटनिवडणूक लागली की लोक उमेदवार कोण याच्या चर्चेत रमतात. मी म्हणते, आधी आपलं नाव बघा. कारण असं, की राज्य निवडणूक आयोगाकडे स्वतःची मतदार यादी नसते. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतात आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. पोटनिवडणुकीसाठी आयोग तेव्हाची तारीख जाहीर करतो.

याचा अर्थ काय ते नीट समजून घ्या. प्रारूप यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागते, हरकती-सूचनांसाठी काही दिवस देतात आणि लोक तिथे जाऊन म्हणतात, “माझं नाव नाही, घाला.” ते घालता येत नाही. तिथे फक्त फोडताना झालेली चूक दुरुस्त होते, म्हणजे विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत उतरलं नाही, किंवा तुमची इमारत शेजारच्या प्रभागात टाकली, किंवा लिहिण्यात गडबड झाली. मूळ यादीतच नाव नसेल तर खिडकीवरचा माणूस तुमच्यासाठी काहीही करू शकत नाही, कितीही आवाज चढवा. नव्या नावाला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८, आणि हे भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे, वर्षभर केव्हाही. नव्याने अठरा पूर्ण करणाऱ्यांसाठी आता वर्षात चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. तुमच्या प्रभागातली जागा रिकामी झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांची नावं तपासा. कार्यक्रम जाहीर होण्याची वाट बघाल तर तोवर यादीची तारीख उलटून गेलेली असते.

प्रारूप यादी बघताना आडनावाने शोधू नका, घर क्रमांक आणि इमारतीने शोधा. एका इमारतीतले सलग चाळीस मतदार गठ्ठ्याने दुसऱ्या प्रभागात गेलेले मी पाहिले आहेत. एक नाव सापडलं नाही की वरखालची शेजाऱ्यांची नावंही बघायची. सगळी गायब असतील तर हरकत एकट्याने न घेता इमारतीच्या नावाने, यादीभाग आणि अनुक्रमांक लिहून घ्या. दुरुस्ती करणाऱ्याला तेच आकडे लागतात.

मतदान कोण करतं?

मुंबईत प्रभागाला एक नगरसेवक, त्यामुळे गोंधळ नाही. बाकीच्या महापालिकांत बहुतेक प्रभाग चार जणांचे, अ, ब, क, ड. त्यातली ‘ब’ जागा रिकामी झाली तर संपूर्ण प्रभाग मतदान करतो, पण एकाच जागेसाठी. आरक्षणही बदलत नाही. ‘ब’ महिलेसाठी राखीव असेल तर पोटनिवडणुकीतही महिलाच. पत्नी, मुलगी, सून असे उमेदवार पुढे येतात त्यात सहानुभूती असतेच, पण तेवढा मोठा प्रभाग थोड्या दिवसांत पिंजून काढायला तयार घर लागतं हेही असतं. अपक्षाने यातली दगदग ओळखून उतरावं.

यंत्रावर सार्वत्रिक निवडणुकीत चार मतपत्रिका असतात, ‘अ’ची पांढरी, ‘ब’ची फिकट गुलाबी, ‘क’ची फिकट पिवळी, ‘ड’ची फिकट निळी, आणि चारही मतं दिल्यावरच लांब शिट्टी वाजते. पोटनिवडणुकीत एकच बटण आणि लगेच शिट्टी. वयस्कर मंडळी बटण दाबून तिथेच उभी राहतात, “पुढचं कुठंय?” म्हणून. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

नोटाबद्दल २०१८ मध्ये आपल्या राज्य निवडणूक आयोगाने वेगळाच आदेश काढला. स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा होते. दुसऱ्या वेळीही तसंच झालं तर मात्र सर्वाधिक मतं मिळालेला उमेदवार विजयी. पोटनिवडणुकीत मतदान कमी असतं, त्यामुळे हे निदान कागदावर तरी अशक्य नाही.

आचारसंहिता साधारण त्या प्रभागापुरती असते. पण शेजारच्या प्रभागात मांडव घालून इथल्या मतदारांना खूश करणाऱ्या घोषणा केल्या तर तोही भंगच. फोटो काढताना पाटी आणि तारीख दिसेल असा काढा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

स्वतः उभं राहायचं असेल तर थोडक्यात : वय २१ पूर्ण, नाव शहरातल्या कोणत्याही प्रभागाच्या यादीत चालतं, पण सूचक त्याच प्रभागातला हवा. थकबाकी नसल्याचा दाखला अर्ज भरायच्या आदल्या दिवशी मागू नका. जात वैधतेचं वर सांगितलंच. खर्चाची मर्यादा २०२५ मध्ये ठरली ती मुंबई, पुणे, नागपूरला १५ लाख, आणि शहराच्या वर्गाप्रमाणे उतरत ९ लाखांपर्यंत. हिशेब निकालानंतर ३० दिवसांत. हरलेल्यांना वाटतं आपला कोण मागतोय, आणि मग पुढची काही वर्षं निवडणूक लढवता येत नाही.

मतदान न होताही जागा भरते

निवडून आलेल्याची निवडच चुकीची होती, असं दुसऱ्या उमेदवाराचं म्हणणं असेल तर निकालानंतर दहा दिवसांत निवडणूक याचिका करावी लागते, मुंबईत लघुवाद न्यायालयात. निवड रद्द ठरली तर न्यायालय पुढच्या क्रमांकाच्या उमेदवाराला विजयी घोषित करू शकतं. २०१७ च्या निवडणुकीनंतर जात प्रमाणपत्र अवैध ठरलेल्या काही नगरसेवकांच्या जागा मुंबईत अशाच भरल्या गेल्या, पोटनिवडणुकीशिवाय. म्हणून जात वैधतेवरून जागा गेली असेल तर आधी विचारा, याचिका दाखल आहे का? असेल तर पोटनिवडणुकीच्या मागणीत शक्ती घालवू नका.

स्वीकृत नगरसेवकाच्या जागेला मतदारांचा संबंधच नसतो. ती पक्षीय संख्याबळावर सभागृहात भरली जाते आणि त्या सदस्याला सभागृहात मताचा अधिकार नसतो.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या कौन्सिलमधली जागा रिकामी झाली तेव्हा त्याने तिथली रीत सांगितली. तिथल्या दोन मतदारांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला सुट्ट्या वगळून ३५ दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. त्या जागेच्या नेहमीच्या निवडणुकीला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तेवढाच अपवाद. आणि तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही स्थानिक निवडणुकीत मत आहे, त्यामुळे त्या दोघांतला एक तो असू शकतो. तिथे असणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा. आपल्याकडे असं कलम आलं तर माझे फोन निम्म्याने कमी होतील.

जागा भरेपर्यंत दाखले, ड्रेनेज, पाणी यांचं काय? चार जणांच्या प्रभागात उरलेल्या तिघांपैकी कुणाकडेही जा, “तो भाग माझा नाही” हे उत्तर ऐकून घेऊ नका. नगरसेवक अख्ख्या प्रभागाचा असतो, गल्ल्या त्यांनी आपसात वाटून घेतलेल्या असतात. मुंबईत थेट विभाग कार्यालयात, सहायक आयुक्तांकडे. आणि गेलेल्या नगरसेवकाने सुचवलेली, अंदाजपत्रकात तरतूद झालेली कामं कोणत्या टप्प्यावर आहेत याची यादी क्षेत्रीय कार्यालयातून मागून घ्या. पाठपुरावा करणारं कुणी नसलं की ती तरतूद आर्थिक वर्षाअखेरीस वर्गीकरणात, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवण्यात, दुसऱ्या कामाकडे जाते. वर्गीकरणाचे प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत धडाधड येतात, म्हणून यादी डिसेंबरच्या आत मागा.